तळ आणि तराजू : घरी बांधायचा पहिला विंडसर्फिंग बोर्ड

माझा पहिला बोर्ड आमच्या गच्चीवर आहे. उन्हाळ्यात आई त्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालते. त्या कामाला तो उत्तम आहे: लांब, पांढरा, गुळगुळीत. पाण्यात मात्र तो कधी पळलाच नाही. तरंगायचा झकास. पण दुपारी दोना पावलाला वारा भरला आणि शेजारचे बोर्ड पाण्यावर उचलून सुसाट निघाले, की हा शेपूट खाली दाबून, नाक वर काढून म्हशीसारखा पाणी ढकलत बसायचा. शेवटी प्लास्टरवाल्यांची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तळाला लावून पाहिली तेव्हा कारण दिसलं. शेपटीकडच्या शेवटच्या साठ सेंटिमीटरमध्ये तळ आठ मिलिमीटर वर वळला होता. पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक, आणि तीन महिन्यांच्या सुट्ट्या पाण्यात. म्हणजे गच्चीवर.

त्यानंतर तीन बोर्ड बांधले. तिन्ही पळतात, आणि तिन्हींत ढोबळ चुका आहेत. एकाची डावी कड उजवीपेक्षा जाड आहे, एकाचं नाक जरा तिरकं आहे. पाण्याला त्याचं काही वाटत नाही. पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो की हयगय दोनच ठिकाणी करू नका: शेपटीकडचा मीटरभर तळ आणि रेझिन (काचेचं कापड चिकटवून धरणारा, नंतर कडक होणारा द्रव) मोजायचा तराजू. बाकी बरंचसं माफ असतं.

घरी बांधणं ही या खेळाची जुनीच रीत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बीनं १९६४च्या सुमारास स्वतः बांधलेला शिडाचा बोर्ड 'पॉप्युलर सायन्स' मासिकाच्या ऑगस्ट १९६५च्या अंकात लोकांपुढे मांडला. पतंगाच्या आकाराचं शीड, आणि चालवणारा शिडाला पाठ लावून उभा. आज आपण ज्याला विंडसर्फिंग म्हणतो, म्हणजे शीड दोन्ही हातांनी बूमला (शिडाच्या आडव्या दांड्याला) धरून हवं तिकडे झुकवायचं, ते कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८मध्ये पेटंटसाठी नोंदवलं. ड्रेक विमानांचा अभियंता होता. पण त्याच्या काळापासून आजपर्यंत हौशी लोक गॅरेजात बोर्ड घासत आले आहेत.

हा लेख कोणासाठी नाही तेही सांगतो. शीड उचलून दोन्ही बाजूंना वळता येत नसेल, तर आधी ते शिका. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे किंवा एखाद्या क्लबात. स्वतःच्या बोर्डावर शिकायला गेलात तर चूक बोर्डाची की तुमची, हे कधीच कळणार नाही. आणि शर्यतींचं स्वप्न असेल तर घरचा बोर्ड कामाचा नाही. भारताच्या इबाद अलीनं हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ज्या आरएस:एक्स प्रकारात कांस्य मिळवलं, किंवा पॅरिस ऑलिंपिकमध्ये जो आयक्यूफॉइल होता, त्यांत सगळ्यांची साधनं एकसारखी आणि ठरलेल्या साच्यातली लागतात.

किती मोठा

आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे दुपारचा वायव्येचा वारा असतो, बहुतेक दिवस दहा ते पंधरा नॉट (ताशी साधारण अठरा ते अठ्ठावीस किलोमीटर). हवाई बेटांतल्या लाटांवर उड्या मारणारे छोटे बोर्ड बघून तसा बांधायला जाऊ नका, इथल्या वाऱ्यात तो तुम्हाला घेऊन बुडेल. पहिला बोर्ड मोठा, रुंद, साधा.

हिशोब सोपा आहे. एक लिटर आकारमान साधारण एक किलो उचलतं. तुमचं वजन ७०, बोर्ड ११, शीड, मास्ट (शिडाचा उभा खांब) आणि बूम मिळून ९, म्हणजे ९० लिटरला तुम्ही कसेबसे पाण्याच्या पातळीला असाल. वर पन्नास-साठ लिटर शिल्लक हवेत, म्हणजे वारा पडला तरी उभ्यानं घरी येता येतं. १४५ धरा.

आकारमान काढायला लांबी, रुंदी आणि जाडी डेसिमीटरमध्ये गुणायची आणि ०.५७नं गुणायचं. बोर्ड काही खोका नसतो, टोकं निमुळती असतात, म्हणून हा आकडा; आकारानुसार ०.५५ ते ०.६ धरला जातो. माझा दुसरा बोर्ड २५५ सेंटिमीटर लांब, ७८ रुंद, १३ जाड: १४७ लिटर. पुढचं सगळं त्याच मापानं सांगतो.

आता तळ. बोर्ड बाजूनं पाहिला तर नाक वर उचललेलं आणि शेपटीकडचा भाग सपाट दिसतो. या बाकाला रॉकर म्हणतात. बोर्ड पळायला लागला की नाक आणि पोट हवेत असतं, पाण्याला टेकतो तो फक्त शेपटीकडचा भाग. तिथे तळ वर वळला असेल तर वाहतं पाणी शेपटीला खाली ओढतं. चमचा उलटा धरून नळाच्या धारेला टेकवून पाहा, चमचा धारेत ओढला जातो. माझ्या पापडवाल्या बोर्डाचं तेच झालं होतं. तळ खाली वळला तर बोर्ड नाक आपटत चालतो. सपाट म्हणजे सपाटच.

स्वतःच्या कल्पनेनं रॉकर काढू नका. चांगला पळणारा बोर्ड कोणाकडून तरी तासभर उसना घ्या, पालथा ठेवा, सरळ पट्टी शेपटीपासून तळाला टेकवा आणि दर वीस सेंटिमीटरला पट्टी आणि तळ यांतली फट मोजून लिहा. माझे आकडे असे आहेत: शेपटीपासून १०० सेंटिमीटरपर्यंत शून्य, १४० वर १२ मिलिमीटर, १८० वर ४८, २२० वर १०८, नाकाच्या टोकाला १८०. त्याच बैठकीत वरून आकार गिरवून घ्या, मास्टट्रॅक (मास्टचा पाया बसतो ती खाच), फिन (शेपटीखालचं पातं) आणि पायपट्ट्या शेपटीपासून किती अंतरावर आहेत तेही. माझ्याकडे ट्रॅकचा मध्य शेपटीपासून १३२ सेंटिमीटरवर आहे. बोर्ड उसना देणाऱ्याला जेवायला घाला, ही माहिती त्याहून महाग असते.

सामान

आत थर्माकोल. होय, मखरांचाच. सजावटीचा थर्माकोल २०१८च्या बंदीपासून दुकानांतून गेला, पण शीतगृहं आणि छतांच्या इन्सुलेशनसाठी कारखाने मोठे ठोकळे करतात, तिथे जायचं. त्याला ईपीएस म्हणा आणि घनता सांगून मागा. मखराचा थर्माकोल घनमीटरला दहा-बारा किलोचा असतो, अंगठ्यानं दाबला तरी खड्डा पडतो. आपल्याला तीस किलोचा हवा. विकत मिळणाऱ्या हलक्या बोर्डांत सोळा-वीसचा असतो, पण त्यावर पीव्हीसी फोमचा पातळ थर निर्वात पिशवीत दाबून चिकटवलेला असतो. ते सँडविच बांधकाम दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डासाठी ठेवा.

ठोकळा २६० × ८० × २५ सेंटिमीटर. अखंड लांबी मिळाली नाही तर दोन तुकडे जोडावे लागतात, आणि इथे एक मेख आहे: तापलेली तार थर्माकोल कापते, इपॉक्सीचा सांधा कापत नाही, तिथेच अडकते. तेव्हा आधी तुकडे कापा, मग जोडा.

रेझिन इपॉक्सीच. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल अक्षरशः खातं. खात्री करायची तर थर्माकोलच्या तुकड्यावर चमचाभर ओतून पाहा, पाच मिनिटांत भोक. हे ठासून सांगतो कारण कोकणात मासेमारीच्या फायबर बोटी दुरुस्त करणारे कुशल कारागीर गावोगावी आहेत, तुम्ही सल्ला घ्यायला त्यांच्याकडेच जाल, आणि जावंच. कापड कसं बसवायचं, कोपऱ्यावर कात्री कशी मारायची, हे त्यांच्याइतकं कोणी शिकवणार नाही. पण त्यांचा हात पॉलिएस्टरवर बसलेला असतो. "थंडी आहे, हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) थोडा जास्त टाका" हा सल्ला तिथे चालतो. इपॉक्सीत नाही.

इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांना धरतात. जास्तीचा हार्डनर जागा न मिळाल्यासारखा तसाच मोकळा राहतो आणि थर कायमचा चिकट-मऊ राहतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ या जोडीचं प्रमाण वजनानं १००ला १०. म्हणजे दीडशे ग्रॅम रेझिनला पंधरा ग्रॅम. तीन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर वीस टक्क्यांची चूक. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू हवा. डोळ्यानं, चमच्यानं, अंदाजानं नाही. हा हार्डनर वेगानं पकडतो. दुकानदाराकडे सावकाश पकडणारा मागून पाहा, नवख्याला ती वीस मिनिटं जास्तीची लागतात. त्याचं प्रमाण वेगळं असेल, डब्यावरचं वाचा.

कापड: विणलेलं ग्लास क्लॉथ, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम), साधारण तेरा-चौदा मीटर. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ती तुकड्यांची मॅट घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही, आणि ती वजनाच्या दुप्पट रेझिन पिते. याखेरीज लांबीसाठी (भोकं बुजवायच्या लगद्यासाठी) मायक्रोबलून नावाची हलकी पांढरी पूड, नायट्राइलचे हातमोजे भरपूर, धुळीचा मास्क, रबरी पट्ट्या, पॉलिशपेपर ६०पासून २२०पर्यंत. फिनबॉक्स (फिन बसते तो खोबणीचा डबा) आणि मास्टट्रॅक मात्र विकत घ्यावे लागतात आणि ते इथे सहज मिळत नाहीत. जर्मनी-हॉलंडकडचा कोणी नातेवाईक दिवाळीला येणार असेल तर त्याच्या बॅगेत जागा आत्ताच सांगून ठेवा. या मापाच्या बोर्डाला पॉवरबॉक्स हा फिनबॉक्सचा प्रकार ठीक.

तापलेली तार

नायक्रोमची अर्ध्या मिलिमीटरची तार, लाकडी धनुष्याला ताणून. तापली की तार लांबते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग हवी. वीज बारा ते चोवीस व्होल्टच्या पुरवठ्यातून, बॅटरी चार्जर चालतो. घरातल्या सॉकेटला थेट जोडायचा विचारही करू नका. तार लाल होऊ द्यायची नाही. लाल झाली म्हणजे थर्माकोल वितळत नाही, जळतो, आणि तो धूर वाईट. काम उघड्यावर, पाण्याची बादली शेजारी.

रॉकरचे आकडे सहा मिलिमीटरच्या प्लायवर उतरवून दोन साचे कापा, एकसारखे. तार घासते त्या कडेला सनमायकाची पट्टी लावली तर तार अडखळत नाही. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना साचे खिळ्यांनी बसवा, आणि आता पातळी तपासा, पुन्हा तपासा. दोन साचे एकमेकांच्या पुढेमागे किंवा वरखाली असतील तर बोर्ड पिळवटलेला निघेल, आणि पिळवटलेला बोर्ड घासून सरळ होत नाही.

साच्यांवर दर दहा सेंटिमीटरला आकडे लिहा. तार दोघांनी ओढायची असते आणि दोघांनी आकडे मोठ्यानं म्हणत जायचं, म्हणजे दोन्ही टोकं बरोबर चालतात. माझा मेहुणा पहिल्या वेळी 'चौदा'ला होता तेव्हा मी 'सतरा'ला होतो. घाई केली की तार मध्ये मागे राहते, धनुष्यासारखी वाकते आणि वळणावर तळाचा मध्य बिघडतो. तार आपण ढकलायची नाही, ती जेवढी वितळवेल तेवढंच पुढे जायचं. आधी तळ कापा, मग पाठीचे साचे बसवून वरची बाजू.

निघालेले दोन्ही उरलेले तुकडे जपून ठेवा. यात सगळं आलं. मी ते पहिल्या वेळी कचऱ्यात दिले, बोर्ड मधोमध ठेवलेल्या दोन स्टुलांवर पालथा घातला आणि फायबर चढवलं. थर्माकोल नुसता असताना लवचीक असतो. टोकं स्वतःच्या आणि ओल्या कापडाच्या वजनानं रातोरात झुकली आणि रेझिननं ती तशीच पकडली. आठ मिलिमीटर तिथून आले. उरलेले तुकडे म्हणजे तुमच्या बोर्डाची नेमकी गादी आहे. तळाला फायबर लावताना बोर्ड पाठीकडच्या तुकड्यात पालथा झोपवा, पाठीला लावताना तळाकडच्या.

घासणं

वरून दिसणाऱ्या आकाराचा अर्धाच साचा करा. मधली रेषा आखून एका बाजूला गिरवा, मग उलटा करून दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. बारीक दातांच्या करवतीनं रेषेच्या बाहेरून कापा.

थर्माकोलला कानस चालत नाही, दाणे उपटले जातात. मीटरभर लांब सरळ फळीला ८० नंबरचा कागद चिकटवा आणि हलक्या हातानं लांब-लांब फेऱ्या मारा. कागद बोथट झाला की बदला, कंजुषी केली की दाणे निघायला लागतात. कडांसाठी पाठीवर आणि बाजूला पेन्सिलीनं रेषा आखून आधी पैलू पाडा, मग पैलू मोडून गोलाई. नाकाकडे आणि मध्ये कड गोल, शेवटच्या साठ-सत्तर सेंटिमीटरला तळाची कड टोकदार, म्हणजे पाणी तिथून सुटून निघतं. ते गोल ठेवलं तर पाणी कडेला चिकटून वर चढतं.

तळाला पट्टी लावा. शेपटीपासून मीटरभर, तीन ठिकाणी, उजेडाकडे बघत. उजेड दिसतो तिथे घासायचं नाही, शेजारी घासायचं. एक मिलिमीटरच्या आत आणा. पाठ, नाक, कडा यांना मी दीड दिवस दिला आणि या मीटरभराला एक अख्खा रविवार.

याच टप्प्यावर फिनबॉक्स आणि मास्टट्रॅकच्या जागी थर्माकोल कोरून कडक फोमचे ठोकळे इपॉक्सीत बसवा. फिनचा ठोकळा तळापासून पाठीपर्यंत पोचायला हवा. फिनवर आडवा जोर येतो, आणि नुसत्या थर्माकोलमध्ये बसवलेला बॉक्स पहिल्याच वाऱ्यात हलायला लागतो.

फायबरचे दोन दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हवेतला ओलावा हार्डनर पितो आणि पृष्ठभागावर मेणचट थर येतो, त्यावर पुढचा थर धरत नाही. आला तर साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं धुऊन काढा, मगच पॉलिशपेपर. नाहीतर तेच मेण कागदानं सगळीकडे पसरतं.

वेळ संध्याकाळची. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये हवा असते. सकाळी काम सुरू केलं की ऊन चढतं, हवा फुगते आणि ओल्या कापडातून बुडबुडे काढते. संध्याकाळी तापमान उतरत असतं, हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. पुण्याच्या डिसेंबरात मात्र रात्री फार गार होतं, रेझिन पकडायला दीड दिवस लागतो. तसं झालं तर घाबरून हार्डनर वाढवू नका. खोलीत घ्या, थांबा.

आधी लांबी. रेझिन कालवून त्यात मायक्रोबलून घाला, श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत, आणि रबरी पट्टीनं सगळ्या बोर्डावर घट्ट ओढा. दाण्यांमधली भोकं बुजली पाहिजेत, वर जाड थर राहता कामा नये. हे केलं नाही तर थर्माकोल किलोभर रेझिन फुकट पिईल. दुसऱ्या दिवशी हलकंसं घासा.

मग तळ. कापडाचे दोन थर कोरडेच पसरून, कडेवरून पाच सेंटिमीटर खाली उतरतील असे कापून, गुंडाळून बाजूला ठेवा. तराजू, कप, मोजे, सगळं हाताशी. एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवा, दोन मिनिटं कपाच्या कडा खरवडत, आणि लगेच बोर्डावर ओता. कपात ठेवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, तापल्यानं आणखी वेगानं पकडतं. माझा एक कप धूर सोडत वितळला आहे. पसरलेल्या रेझिनला ही अडचण नाही.

मध्यापासून बाहेर रबरी पट्टीनं ओढत जा. कापड पारदर्शक झालं पाहिजे पण चमकता कामा नये. चमकतंय म्हणजे वर रेझिन तरंगतंय, ते ओढून काढा. इथे पुन्हा तराजू: कापडाचं वजन आधी करून ठेवा आणि रेझिन तेवढंच वापरायचं, फार तर थोडं जास्त. तळाच्या दोन थरांचं कापड सुमारे सातशे ग्रॅम होतं, तर रेझिन साडेसातशे. मी कप मोजत वहीत रेघा मारतो. रेझिन जास्त म्हणजे मजबुती जास्त, हा गैरसमज आहे. ताकद काचेची असते, रेझिन फक्त तिला धरून ठेवतं.

शेवटी वर शिंप्याकडचं साधं पॉलिएस्टरचं अस्तर पसरून पट्टीनं बसवा आणि दुसऱ्या दिवशी सोलून काढा. जास्तीचं रेझिन त्याबरोबर निघतं आणि पृष्ठभाग पुढच्या थरासाठी खरखरीत राहतो. आधी तुकड्यावर सोलून बघा, काही अस्तरं चिकटून बसतात.

पाठीला तीन थर, आणि जिथे उभं राहता तिथे टाचांखाली चौथा. टाच फार लहान जागेत फार मोठं वजन टाकते. बोर्ड फुटतात ते बहुतेक तिथेच, नाहीतर मास्ट पडून नाकावर.

अंगाला रेझिन लागलं तर थिनरनं पुसू नका, थिनर ते कातडीत खोल नेतो. साबण, नाहीतर व्हिनेगर. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साठते आणि एकदा झाली की जात नाही, म्हणून मोजे पहिल्या मिनिटापासून. काचेच्या धुळीनं खाज सुटली तर गार पाण्यानं आंघोळ करा, आणि ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत टाकू नका. हे मी अनुभवानं सांगतो आहे. घरात त्यावर फार बोलणं झालं.

उरलेलं

बॉक्स बसवायला फायबर आणि खालचा कडक फोम कापून, भोक बॉक्सपेक्षा थोडं मोठं करून, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीत बसवा आणि कडेवरून कापडाचे दोन छोटे थर. फिन लावून मागून बघा, बोर्डाशी काटकोनात हवी. पायपट्ट्यांसाठी पीव्हीसीच्या भरीव कांडीचे तुकडे तसेच रुजवायचे आणि त्यांत स्क्रू.

रंग पांढरा. आवड-नावड बाजूला ठेवा. गडद बोर्ड एप्रिलच्या वाळूत इतका तापतो की थर्माकोल आकसतो आणि फायबर सुटतं. गाड्यांचा दोन-भागी पीयू रंग उत्तम, पण त्याआधी पिनएवढं भोकही उरता कामा नये, त्यातला थिनर आत गेला की पॉलिएस्टरसारखीच मेजवानी करतो.

पाठीवर पाय घसरू नये म्हणून साखर. रेझिनचा शेवटचा पातळ थर ओला असताना चाळलेली साखर चाळणीनं सारखी भुरभुरा, पूर्ण पकडू द्या आणि मग कोमट पाण्यानं धुवा. साखर विरघळते, खड्डे राहतात, पायाला पकड मिळते. मीठही चालतं. मीठ वापरलं तर मुंग्या येत नाहीत.

एक छोटं बूच मात्र विसरू नका. बोर्ड म्हणजे बंद डब्यातली हवा. सावलीत २५ अंशांना बंद केलेला बोर्ड उन्हात ५०ला गेला तर आतला दाब आठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दर चौरस मीटरला आठशे किलोंच्या वर रेटा आतून. फायबर सुटायला तेवढा पुरतो. म्हणून पाठीवर मास्टट्रॅकजवळ रबरी वायसर लावलेला एक स्क्रू ठेवतात. पाण्यातून आलात की सैल करा. कोकणातून ताम्हिणी चढून पुण्याला येतानाही सैलच हवा, वर बाहेरचा दाब कमी होतो. आणि पाण्यात जाताना आवळा. मी बूमला लाल चिकटपट्टी लावली आहे, ती दिसली की बूच आठवतं. एकदा तीही दिसली नाही आणि बोर्डानं अर्धा लिटर समुद्र पिऊन घेतला. उभा करून, बूच खाली ठेवून आठवडाभर निथळला.

बोर्ड पूर्ण सुकला, पट्ट्या-फिन लावण्याआधी, त्याला तराजूवर ठेवा. आपल्या हिशोबानं थर्माकोल ४.४ किलो, कापड १.८, त्यावरचं रेझिन २, लांबी आणि शेवटचा थर १.२, बॉक्स आणि रंग मिळून एकाच्या आसपास. साडेदहा-अकरा आला तर हात बरा बसला, बारापर्यंत चालेल. हा आकडा तारखेसकट बुचाच्या शेजारी पक्क्या मार्करनं लिहून ठेवा. दर मोसमाच्या शेवटी पुन्हा वजन करा. वाढलं असेल तर कुठूनतरी पाणी शिरतंय. मग एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या पाठीवर टकटक करत जा. टणक आवाज म्हणजे ठीक. जिथे बद्द वाजेल, तिथे खाली फायबर सुटलेलं आहे. तिथे बारीक भोक पाडून, सिरिंजनं इपॉक्सी भरून, वर विटा ठेवून रात्रभर सोडा.